बुद्ध जागेवरच आहेत

औशाच्या माणसाला हैदराबादला जायला निमित्त पुरतं, कारण लागत नाही. डोळे दाखवायचे, लग्नाला मोती घ्यायचे, आत्याचं पायदुखं बघून यायचं. निजामी राजवट १९४८ साली संपली, १९५६ साली हैदराबाद राज्याचेही तुकडे झाले. पण आजोबांच्या डोक्यातली राजधानी मुंबईला कधी हलली नाही. आम्हीही लामजना, किल्लारी, उमरगा असे त्याच वाटेने जात आलो. आणि गेलो की हुसेनसागरातल्या बुद्धांचा फोटो काढत आलो.

हा फोटो पहिल्यांदा काढला १९९६ साली. छत्तीस फोटोंचा रोल, उसना कॅमेरा आणि वडिलांचा कायदा: एका ठिकाणी एकच फोटो. मी टँकबंडवरून सहा काढले, लुंबिनी पार्कातून पाच, बोटीतून अकरा. बोट हलत होती, बुद्ध हलत नव्हते. पण दर चार हातांवर मला ते निराळेच दिसायचे. आत्या हैदराबादी झालेली. ती म्हणाली, "कैकू इत्ते फोटो रे? देव उठून चाललाय का कुठं?"

उठून जाणं त्यांना जमण्यासारखं नाहीच. अठ्ठावन्न फूट उंच, एकाच ग्रॅनाइटमधून घडवलेले, वजन तीनशे टनांच्या पुढे. एन. टी. रामारावांनी न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहिला आणि आपल्या गावातही असं काही हवं असं मनावर घेतलं. गणपती स्थपतींच्या हाताखाली कारागिरांनी दगड घडवला. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून तळ्यात नेताना तराफा कलला आणि बुद्ध पाण्यात गेले. सोबतची माणसंही गेली. मग दोन वर्षांहून जास्त काळ मूर्ती तळाशी पडून राहिली आणि १ डिसेंबर १९९२ ला चौथऱ्यावर उभी झाली. हे सगळं बोटवाल्याने सांगितलं तेव्हा आईने बोटीची कड घट्ट धरली. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सोडली नाही.

रोल लातूरला धुवायला दिला. स्टुडिओवाल्याने पाकीट पुढे सरकवत विचारलं, "बुद्धाचं कंत्राट घेतलंव का?"

वडिलांनी एकेक फोटो उलटा करून ठेवला, पत्त्यासारखा. "ह्याच्यात आपला माणूस कुटाय? नुसता बुद्ध पायजे हुता तर दोन रुपयाचं कार्ड घ्यायचं की. तिथं चांगला निघालाय."

खरंच चांगला निघाला होता.

पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि वडिलांचा कायदा आपोआप रद्द झाला. मग मोबाइल. अंधार पडला की मूर्तीवर रंगीत दिवे सोडतात, हे तर आमच्यासारख्यांसाठी संकटच. गुलाबी काढला की निळा होतो, निळा काढावा तर हिरवा. "पिवळा राहिला!" असं बायको ओरडते आणि आम्ही पुढची फेरी येईपर्यंत डास मारत उभे राहतो. पिवळा येतो तेव्हा समोर कुणाचा तरी फुगा असतो. एकदा चौथऱ्यावरच्या फोटोवाल्याने मला हात वर करायला लावून बुद्धांच्या डोक्यावर टेकवल्यासारखा फोटो काढला. प्रत्यक्षात माझा हात त्यांच्या कानाजवळच्या एका कावळ्यावर टेकला होता.

अभयमुद्रेतला तो उजवा हात आईला मात्र नीट कळला. गेल्या खेपेला मी पुन्हा मोबाइल वर केला तर ती म्हणाली, "किती काढूलालास रं? ते बी हातानं बस म्हणूलालेत."

(आमच्या तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत. पहिल्याच लेण्यात बसलेले बुद्ध आहेत, चौदाशे-एक वर्षांचे. त्यांचा माझ्याकडे एकही फोटो नाही. घरचेच आहेत, कधीही जाता येतं.)

परवा लेकीने मोबाइल साफ करायला घेतला. एकशे बेचाळीस बुद्ध निघाले. "बाबा, ह्यातला कुठला ठेवू?" मी तासभर बघत बसलो. कुठे ढग वेगळा, कुठे बोट डाव्या बाजूला, कुठे बायकोची जुनी साडी. ठेवायचा कुठला हे ठरेना, म्हणून सगळेच ठेवले आणि बँकेचं ॲप काढून टाकलं.

आईच्या खोलीत मात्र एकच फोटो आहे, फ्रेम केलेला, १९९६ चा. वडील म्हणाले होते, "माझा काढ." मी चौथऱ्याजवळ उभा राहून काढला. त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत बसवायच्या नादात अठ्ठावन्न फुटांपैकी मागे फक्त दोन प्रचंड पावलं आणि चिवराची कड आली. वडील ऐटीत उभे, छाती पुढे, डोळे अर्धे मिटलेले.

नवीन सोयरे आले की ते फ्रेमजवळ जाऊन डोळे बारीक करतात.

"मागं काय बांधूलालेत हो?"

"हैदराबाद हाय ते," आई सांगते.