देवाचा सातबारा

चिमूरच्या बालाजीचं बरं आहे. त्याला देऊळ आहे, माघात त्याचा घोडारथ निघतो, बंदोबस्ताला पोलीस येतात आणि राज्यघटनेचं कलम २५ पायरीशी हात जोडून उभं असतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या ठाकूरदेवाला मात्र प्रशासकीय व्यवहार जमला नाही. तो सुरजागडच्या डोंगरात जाऊन बसला, आणि नेमकं तिथेच लोहखनिज निघालं. २००७ साली ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. देव काही हरकत नोंदवायला आला नाही. जपानातले देव कागदाला कागद लावून असतात. फुजी पर्वताचा आठव्या टप्प्यापासून वरचा माथा सेंगेन देवस्थानाचा, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला. सरकार आणि धर्म यांची घटनेने फारकत केलेली असूनही दिला. ठाकूरदेवाकडे सातबारा नाही, नुसते भक्त आहेत, तेही आदिवासी. त्यांनी आपला धर्म वेगळा लिहायचा म्हटलं, तर जनगणनेत ‘इतर’मध्ये जावं लागतं. २०११ साली देशात असे ‘इतर’ ७९ लाख होते. स्वतंत्र रकाना असलेल्या जैनांहून जास्त!

पण पूजेला मनाई कुणी केली, असं विचारलं जातं. खरंच आहे, जानेवारीत यात्रा भरते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ साली हेच सांगितलं: कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या पवित्र जंगलातून रस्ता गेला, तर त्यांची उपासना मोडीत निघेलही, पण श्रद्धा सोडायची सक्ती कुणी केलेली नाही, सबब धर्मस्वातंत्र्य शाबूत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रत्येक टेकडी देव निघाली तर पोरांना काम कुठून मिळणार? गडचिरोलीत हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच टेकडी देव आहे की दगड, हे ठरवायचं कुणी, याला महत्त्व आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतः ठरवलं नाही, ग्रामसभांवर सोपवलं. राज्य सरकारने आपल्या पसंतीची बारा गावं निवडली. बाराही गावांनी खाण नाकारली. एटापल्लीतही ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, वनहक्क कायदा लागू आहे. तरी खाणीच्या विस्ताराची २०२२ ची जनसुनावणी भरली ती डोंगरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर, गडचिरोली शहरात. बहुधा ठाकूरदेवाला यायला सोयीचं पडावं म्हणून.