पोर्टमास्तर

वैशाखातल्या ज्या दुपारी सोलापुरातील शहाणी माणसे कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे भोजन उरकून, फरशीवर पाणी शिंपडून, दारे-खिडक्या लोटून आडवी होतात, त्याच दुपारी घरातला एकुलता एक कूलर मनुष्यमात्रांकडून काढून घेऊन तळहाताएवढ्या एका उघड्या संगणकपट्टीच्या सेवेस रुजू करणारा, स्वतः मात्र घामाने निथळत असलेला आणि तरीही मुद्रेवर योगिजनांस शोभेल अशी तल्लीनता वागवणारा, तिशी ओलांडलेला एखादा तरुण आपल्या दृष्टीस पडला, तर त्याला ऊन लागले आहे असे समजून कांदा शोधायला धावू नये. रास्पबेरी पाय नावाच्या त्या पट्टीचा प्रोसेसर 80 अंशांच्या पुढे तापला की आपण होऊन वेग कमी करतो, आणि वेग कमी झाला की तिच्यावर धावणारा 1996 सालचा त्रिमितीतला मारिओ रांगू लागतो. घरातील वडीलधारी मंडळी तापली तर त्यांचा वेग कमी न होता उलट वाढतो, हा सूक्ष्म भेद त्या तरुणाने विचारपूर्वक ध्यानी घेतलेला असतो. गल्लीने त्याला पोर्टमास्तर ही पदवी बहाल केली आहे. टपालखात्याशी त्याचा काहीएक संबंध नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. कारण आधार कार्डाचा पत्ता बदलून मिळेल काय, अशी विचारणा करणारे त्याच्या दारी येऊन गेले आहेत.

पोर्टमास्तराचे अर्थार्जन अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल कारखान्याचे जीएसटीचे हिशेब संगणकावर बसवून देण्यातून होते. परंतु तो त्याचा देह. आत्मा निराळाच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचा जो घरगुती खेळसंच विक्रीस काढला, त्याच्या प्रोसेसरला 6502 या घराण्यातील 56 आज्ञा तेवढ्या समजत. आजच्या फोनचा प्रोसेसर निराळ्या कुळातला, त्याला त्या 56 पैकी एकीचाही अर्थबोध होत नाही. तेव्हा जुन्या खेळातील प्रत्येक आज्ञा उचलून, तिचा मतलब ओळखून, नव्या यंत्राकडून तिची तामिली करवून घेणारा जो मध्यस्थ प्रोग्रॅम, तो एम्युलेटर. असे एम्युलेटर मुळापासून लिहिणारे महाभाग जगात पुष्कळ आहेत आणि त्यांची कीर्तीही पुष्कळ आहे. पोर्टमास्तर त्यांतला नव्हे. दुसऱ्या कोणी विंडोजसाठी लिहिलेला हा मध्यस्थ मुळासकट उचलायचा आणि ज्या यंत्राच्या कर्त्याने स्वप्नातही त्याची अपेक्षा केली नसेल अशा यंत्रावर नेऊन चालता करायचा, म्हणजेच ‘पोर्ट’ करायचा, एवढेच याचे वतन. आणि या वतनाचा सारा त्याला स्वतःच्या झोपेतून भरावा लागतो.

घरी आलेल्या पाहुण्यांना चहा होईपर्यंत त्या 6502 ची वंशावळ ऐकून घ्यावी लागते. सन 1975 मध्ये तो अवघ्या 25 डॉलरना मिळू लागला आणि त्यामुळे संगणक सामान्य माणसाच्या घरात शिरू शकला. ॲपल कंपनीचा 1977 सालचा संगणक त्याच्यावरच चाले. इतकेच नव्हे, तर 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ योजनेखाली शाळांतून जे बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांतही तोच होता, असे सांगताना पोर्टमास्तराचा कंठ किंचित दाटून येतो. पाहुणे मुलीचे वडील असले तर ते या सगळ्यावर मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचे कळवतात.

वेडाचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा नव्वदीच्या अखेरच्या एखाद्या उन्हाळी सुट्टीत सापडते. अस्सल निन्टेन्डो सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरात येण्याचा प्रश्नच नव्हता. आला तो त्याची बेमालूम नक्कल असलेला, मामाने मुंबईहून आणलेला किंवा नवी पेठेत घासाघीस करून घेतलेला टीव्हीला जोडायचा संच, आणि त्याच्यासोबत ‘9999 इन 1’ असे छातीठोकपणे छापलेली कॅसेट, जिच्यात मोजकेच खेळ नावे पालटून पुन्हा पुन्हा हजेरी लावीत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा उपचार त्या पिढीस कोणी शिकवला नव्हता, तो तिला उपजतच अवगत होता. बाकीची मुले ‘काँट्रा’त किती जीव उरले या विवंचनेत असताना, फुंकर मारल्यावर आत नेमके काय घडते या जिज्ञासेने एक मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो संच उघडून बसला. त्या दिवसापासून तो संच काही पुन्हा बंद झाला नाही, आणि खरे सांगायचे तर तो मुलगाही अद्याप तेथून उठलेला नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. पोर्टमास्तरास खेळांचा नाद आहे असे त्याची आई चारचौघांत सांगते, ते सर्वस्वी असत्य होय. तो खेळतच नाही. मारिओच्या पहिल्या पायरीतील गुम्बा नावाचा पहिलाच शत्रू त्याला नेमाने ठार मारतो, आणि तेव्हा हा पडद्याकडे नव्हे, तर कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रे उमटली हे दाखवणाऱ्या आकड्याकडे पाहत असतो. आकडा 60 असला की मारिओ मेला काय आणि जगला काय, त्याला सुतक नसते. सुट्टीला आलेला भाचा आशेने विचारतो, “मामा, आता मी खेळू?” त्यावर ठरलेले उत्तर मिळते, “थांब, अजून आवाजाचं काम राहिलंय.” भाचे मोठे होतात, मुंजी होतात, आवाजाचे काम राहिलेलेच असते.

या कामाची रीत जवळून पाहण्याचा योग आम्हास त्याच्या आजींच्या जिओफोनच्या निमित्ताने आला. हा बटणांचा फोन 2017 साली निघाला. 512 एमबी स्मृती, 2.4 इंचांचा पडदा आणि कायओएस नावाची कार्यप्रणाली. त्यावर नातेवाइकांचे फोन घ्यावेत आणि सकाळी अभंग ऐकावेत, एवढीच आजींची माफक अपेक्षा होती. परंतु ज्या दिवशी पोर्टमास्तराची दृष्टी त्यावर पडली, त्या दिवशी त्या फोनची खासगी मालमत्ता म्हणून असलेली हयात संपुष्टात आली. पहिला पेच रुंदीचा. फॅमिकॉमचे चित्र आडवे 256 ठिपक्यांचे, फोनचा पडदा 240 ठिपक्यांचा. उरलेल्या 16 ठिपक्यांची विल्हेवाट कशी लावावी, दोन्ही कडांनी आठ आठ कापावेत की सर्व चित्रच आक्रसून घ्यावे, या प्रश्नावर त्याने ज्या गांभीर्याने रात्री जागवल्या, त्या गांभीर्याने महाराष्ट्र-कर्नाटक सीमातंट्याचा विचार झाला असता, तर अक्कलकोटपासून बेळगावपर्यंत केव्हाच शांतता नांदली असती.

अखेर एका पहाटे पडद्यावर चित्र उमटले. आकाश भगवे झाले होते आणि मारिओचा चेहरा आकाशी निळा. देवघराकडे निघालेल्या आजींनी चष्मा सावरून पाहिले, फोन टिपॉयवर होता तसाच ठेवून हात जोडले आणि म्हणाल्या, “किसनदेव रे बाबा! पण ह्याला मिशा कशा?”

पोर्टमास्तराने कपाळावर हात मारून घेतला, तो अधर्माबद्दल नव्हे. चूक त्याला एका क्षणात उमगली होती. प्रत्येक ठिपक्याचा तांबडा, हिरवा आणि निळा अंश ज्या क्रमाने स्मृतीत मांडायचा, तो क्रम त्याने जुन्या यंत्राच्या वहिवाटीप्रमाणे मांडला होता. नवे यंत्र तो उलट्या टोकाकडून वाचत होते. म्हणून तांबड्याच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी तांबडा. अनेक बाइटांची संख्या थोरल्या टोकाकडून मांडावी की धाकट्या, हा संगणकसृष्टीतील पुरातन भाऊबंदकीचा दावा आहे, आणि डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने 1980 साली त्याचे नामकरण केले ते स्विफ्टच्या 1726 सालच्या ‘गलिव्हर’वरून, ज्यात अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लिलिपुटवासी लढाया करतात. हा सारा इतिहास त्याने आम्हास सांगितला, मात्र अंड्याचा उल्लेख आला तेव्हा आवाज खाली आणला, कारण स्वयंपाकघर जवळ होते. एक ओळ बदलली, आकाश निळे झाले, मारिओ माणसात आला. आजींना मात्र पहिलाच बरा वाटला होता.

मग आवाज. सेकंदाला 44,100 ध्वनिनमुने आणि 60 चित्रे, म्हणजे एका चित्रामागे 735 नमुने वेळेवर पोचले पाहिजेत. पोचवणाऱ्याने किंचित दिरंगाई केली की फोन टकटक करतो, फार केली की करकर. “तुमचा रेडिओ बिघडलाय का ओ?” अशी भिंतीपलीकडून चौकशी झाली, तेव्हा ही दिरंगाई तिसऱ्या दिवशी रात्री दूर करण्यात आली. खेळ सुरळीत चालू झाला, ‘5’ च्या बटणावर मारिओ उडी मारू लागला, आणि नेमक्या त्याच घटकेस कुर्डुवाडीहून आजींच्या बहिणीचा फोन आला. खेळ बंद पडला. पोर्टमास्तर आनंदाने म्हणाला, “बघा, आता फोन आल्यावर खेळ थांबवून ठेवायची सोय करायला पाहिजे.” त्याला नवे काम मिळाले होते, इतका संतुष्ट मनुष्य आम्ही त्या साली दुसरा पाहिला नाही.

जगरहाटीस हा आनंद समजत नाही, याचे प्रत्यंतर पार्क चौकात भेटलेल्या त्याच्या शाळूसोबत्याच्या बोलण्यात आले.

“काय करूलालास बे सध्या?”

“एम्युलेटर पोर्ट करूलालोय.”

“किती मिळतात मग?”

“काय नाही.”

“मग गेम तरी खेळूलालास का?”

“नाही बे.”

सोबत्याने काही वेळ चहाच्या पेल्याकडे पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, “आमचा प्रिंटर बिघडलाय, येतोस का?”

यातील शेवटचा प्रश्न हे पोर्टमास्तराचे प्रारब्ध आहे. आप्तेष्टांचे प्रिंटर, राउटर आणि विसरलेले पासवर्ड यांची बिनपगारी मामलत त्याच्याकडे परंपरेने चालत आलेली आहे. त्याबद्दल तो कुरकुर करत नाही. फक्त कोणी “गेमच्या फाइली पण दे की” म्हटले, म्हणजे मात्र त्याच्यातला न्यायाधीश जागा होतो. एम्युलेटर करणे हा गुन्हा नव्हे, असा निवाडा सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 2000 साली दिला आहे. परंतु खेळाची नक्कल वाटणे ही गोष्ट वेगळी, आणि निन्टेन्डोशी गाठ पडलेल्या ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांना 2024 साली 24 लाख डॉलर देण्याचे कबूल करून दुकान आवरावे लागले, हे तो बोटे मोडून सांगतो. ज्याचे सारे बालपण नकली संचावर नकली कॅसेट लावून गेले, त्याची ही कायदेनिष्ठा पाहून ऐकणाऱ्याची मती गुंग होते.

पोर्टमास्तरांतही पंथ आहेत. एक वेगवादी: 1997 साली ‘नेस्टिकल’ हा एम्युलेटर साध्या 486 प्रोसेसरवर धावत असे, मग आजच्या फोनने का धापा टाकाव्यात, असा त्यांचा सवाल. दुसरा शुद्धिवादी: जुन्या यंत्राच्या गुणांइतकेच त्याचे दोषही जसेच्या तसे उतरले पाहिजेत, मग 3.58 मेगाहर्ट्झच्या सुपर निन्टेन्डोची हुबेहूब नक्कल करण्यास तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर खर्ची पडला तरी बेहत्तर. दोन्ही पंथ एका टेबलाशी बसले तर चहा थंड होतो.

आता या खटाटोपाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी एकदा सोलापुरातल्या विणकरांच्या पूर्व भागात जाऊन यावे. लियॉनच्या जकार्डने 1804 च्या सुमारास माग चालवण्यासाठी छिद्रे पाडलेले पत्ते वापरात आणले, आणि त्याच विद्येवर सोलापुरी चादरीवरची वेलबुट्टी वर्षानुवर्षे उतरत आली. आलेखाच्या कागदावर काढलेली नक्षी पत्त्यांवर टोचली जाई, आणि हातमाग जाऊन यंत्रमाग आला, पत्ते जाऊन इलेक्ट्रॉनिक जकार्ड आला, तरी कारागिराने ती नक्षी प्रत्येक वेळी नव्या मागाच्या गळी उतरवली. पोर्टमास्तराचे काम तंतोतंत तेच आहे: नक्षी दुसऱ्याची, माग तिसऱ्याचा, मेहनत याची. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 1997 साली सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रकल्पाची भूमिकाही अशीच आहे की जुन्या यंत्रांची घडण नोंदवून ठेवणे हे मूळ कार्य, आणि त्यावर खेळ चालतो ही त्या नोंदीच्या खरेपणाची केवळ रुजुवात. म्हणजे आमचा मनुष्य पहिल्या गुम्बापाशी मरून उठतो, तो आळशीपणामुळे नव्हे. त्याची रुजुवात तेथेच पुरी झालेली असते.

याच शहरात 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचे, लक्ष्मी-विष्णूचे आणि नरसिंग गिरजीचे भोंगे एकामागून एक थांबले. चालत्या यंत्राचा दोष नुसत्या कानाने ओळखणाऱ्या जॉबरांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली, आणि ती टिपून ठेवावी असे तेव्हा फारसे कोणास सुचले नाही. त्या काळी गिरणगावात असा एखादा निरुद्योगी, हट्टी आणि बिनपगारी मनुष्य वही घेऊन बसला असता, तर आज आपण त्याच्या नावाने चौक केला असता. यंत्रे मरतात, त्यास इलाज नाही. त्यांची रीत मात्र कोणीतरी वेडा मनुष्य सांभाळतो म्हणूनच राहते, आणि सोलापूरने असे वेडे यापुढे तरी वाया घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना संच, कॅसेटी आणि बटणांचे फोन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गल्लीतील पोर्टमास्तरास एकदा जरूर विचारावे. बदल्यात प्रिंटर दुरुस्त करून मागू नये आणि किती मिळतात हेही विचारू नये. पुढे केव्हातरी रात्री दीड वाजता तो “चाललं!” अशी वर्दी देत दार ठोठावील, तेव्हा न चिडता उठून पाहून यावे, दोन शब्द कौतुकाचे बोलावेत, खेळायला मात्र मागू नये, आवाजाचे काम अजून राहिलेले असते.