सही-शिक्क्याची नक्कल

माझ्या वहीतून जुळलेलं एकही लग्न आजवर मोडलेलं नाही. हे वाक्य मी हळदीकुंकवाला म्हणत आले, बारशाला म्हणत आले, आणि एकदा एका दहाव्याला म्हणून बसले तेव्हा ह्यांनी मला कोपराने ढोसलं होतं. पण आमच्या बारामतीत जळोचीपासून थेट पेन्सिल चौकापर्यंत ज्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्याच्याकडे माझा नंबर असतो, तो काय उगीच? त्यामुळे घटस्फोटित मुलाचं स्थळ आलं आणि मुलीच्या वडिलांनी "ताई, ह्याचा घटस्फोट खरंच झालाय ना, तेवढं बघून द्या" असं म्हटलं, तेव्हा मला ते जमत नाही असं सांगणं शक्यच नव्हतं. माझ्या तोंडून "त्यात काय एवढं" बाहेर पडलं.

पुरावा म्हणून मुलाकडच्यांनी एक स्टँप पाठवला होता. शंभराचा. आता पाचशेचा लागतो, तेव्हा स्वस्ताई होती. त्यावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लालभडक शिक्का, आणि मधोमध 'आजपासून उभयतांचा एकमेकांशी कोणताही संबंध राहिलेला नाही'. मला तर तो कागद फारच भारदस्त वाटला. माझा भाचा बारामतीच्या कोर्टात वकिली करतो, त्याला दाखवला. तो म्हणाला, "आत्या, ह्याने संसार मोडत नाही, फक्त स्टँप वाया जातो."

हिंदू विवाहाचा कायदा १९५५चा. त्याखाली झालेलं हिंदू लग्न मोडायचं तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो, दोघं राजीखुशीने वेगळे होत असले तरी. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम २९ने तिला जागा ठेवली आहे, पण अशी रूढी आहे हे पुन्हा कोर्टातच शाबीत करावं लागतं. म्हणजे कोर्ट टाळण्यासाठी केलेला कागद खरा ठरवायला कोर्टातच जायचं. तरीही असे फारकतनामे टाइप करून देणाऱ्यांच्या टेबलापुढची गर्दी काही हटत नाही.

तर हुकूमनामा खरंच झालाय का ते शोधायला ई-कोर्ट्स. संकेतस्थळ उघडायचं, राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, दावा चालू आहे की निकाली तेही सांगायचं. खटल्याचा सीएनआर नंबर हाताशी असेल तर बाकी कशाचीच गरज नाही. तो सोळा अक्षरा-आकड्यांचा असतो, पुणे जिल्ह्यातला असेल तर सुरुवात एमएचपीयू. पण ज्याच्याकडे सीएनआर असतो त्याच्याकडे निकालाचे कागदही असतात, आणि त्याला माझी गरज नसते. आम्ही आपले नावावर. शिवाय आधी ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस आहोत हे त्या यंत्राला पटवायचं. स्थळ बघायला आलेले पाहुणेसुद्धा एवढी खात्री करून घेत नाहीत.

मुलाचं आडनाव पवार. बारामतीच्या कोर्टात पवार टाकलं, तर यादी संपेचना. वादी पवार, प्रतिवादी पवार, काही ठिकाणी वकीलही पवार. नावं इंग्रजीत, आणि ज्ञानेश्वर इंग्रजीत कसा लिहायचा हे ज्या त्या कारकुनाच्या मर्जीवर. यादीत मध्येच ह्यांचं नाव दिसलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जुळत होतं आणि पुढे एचएमपी, म्हणजे हिंदू मॅरेज पिटिशन! मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "तुम्ही कुठे दावाबिवा केलाय का?" हे शेंगदाणे भाजत होते. म्हणाले, "केला असता तर तारखेला घेऊन जायला तूच लागली असतीस."

बारामतीत आमचा मुलगा सापडला नाही. पण असे दावे फक्त नवऱ्याच्या गावच्या कोर्टात चालतात असं थोडंच आहे? लग्न जिथे लागलं तिथे, समोरचा पक्ष राहतो तिथे, दोघं शेवटचे एकत्र नांदले तिथे, आणि २००३ पासून बायको जिथे राहते तिथेही तिला दावा लावता येतो. पुण्यात नोकरीला असताना भांडले असतील तर तिथलं कौटुंबिक न्यायालय. म्हणजे आधी मंगल कार्यालय कुठलं होतं ते विचारायचं, मग भाड्याची खोली कुठे होती, मग माहेर कुठलं. एरवी पहिल्या लग्नाचा विषय काढला की पाहुणे चहाच्या कपात बघत बसतात, आणि मला मंगल कार्यालयाचा पत्ता हवा होता.

इथे माझी एक जुनी तक्रार सांगून टाकते. माझा विश्वास एकाच दप्तरावर आहे, तो म्हणजे सातबारा. स्थळ आलं की मी आधी गट नंबर विचारते, फोटो नंतर. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. त्यात काय नसतं! जिरायत किती, बागायत किती, विहीर कुणाच्या हिश्शात, सोसायटीचा बोजा किती, इतर हक्कांत कोणती आत्या अजून टिकून आहे. 'चार एकर ऊस' म्हणणाऱ्याच्या पीकपाहणीत 'पडीक' लिहिलेलं मी स्वतः बघितलंय, आणि ती बोलणी तिथेच थांबवलीत. मग माणसाचं लग्न ह्या उताऱ्यावर का नसावं, असं मला नेहमी वाटतं. लग्न झालं की फेरफार धरायचा. हरकत घ्यायला नोटीस काढून पंधरा दिवस द्यायचे, म्हणजे ज्या काकाला मांडवात तोंड वाकडं करायचंय त्याने ते आधीच तलाठ्यापुढे करावं. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण त्या नावाने हाक मारेपर्यंत ते गाडीला किक मारून निघून गेलेले असतात.) मंडल अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची. इतर हक्कांत सासूबाई, कायमच्या. दरवर्षी पीकपाहणी करून दोघं नांदतात की पडीक आहे तेही लिहायचं. घटस्फोट झाला की नावाला कंस, नवा फेरफार नंबर, संपलं. कुणाला भाच्याच्या पाया पडायला नको.

हे मी भाच्याला रंगवून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आत्या, सातबाऱ्यावर बायकोचं नाव असतं का मुळात?" शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला ओ देऊन काही शेतकऱ्यांनी बायकोचं नाव जमिनीला लावलं होतं. पण माझ्या वहीतल्या किती घरांनी? मी उतारे बघते ते मुलाची जमीन मोजायला. बारा-पंधरा वर्षं त्याच जमिनीत खुरपलेली, पाण्याच्या पाळीला रात्री बॅटरी घेऊन गेलेली बाई हुकूमनामा घेऊन माहेरी येते तेव्हा त्या उताऱ्यावरून काहीच कमी होत नाही, कारण ती त्यावर नव्हतीच. कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. नांदणाऱ्यांना असं काही मिळालं नाही. असो. मी विषय बदलला.

मुलाच्या पहिल्या बायकोचं माहेर फलटणकडचं निघालं. जिल्हा सातारा निवडला आणि मुलगा सापडला! नाव बरोबर, बायकोचं नाव बरोबर, समोर लिहिलेलं: निकाली. मी मुलीच्या वडिलांना फोन लावायला घेतला होता. भाच्याने मोबाइल काढून घेतला. "निकाली म्हणजे दावा संपला. लग्न संपलं असं कुठे लिहिलंय?" दावा फेटाळला तरी निकाली, काढून घेतला तरी निकाली, लोकअदालतीत दोघं समजुतीने पुन्हा नांदायला गेले तरी निकालीच. कसा निकाली निघाला त्याचा वेगळा रकाना असतो. तो उघडला. दावा काढून घेतलेला होता. तो पुढे पुन्हा कुठे लावला असेल म्हणून मुलाच्या आईला सरळ फोन केला. त्या म्हणाल्या, "परत कशाला? त्यानंतर स्टँप झाला ना!"

म्हणजे तो मुलगा आजही नवरा आहे, आणि तिकडे फलटणकडे एक मुलगी आजही त्याची बायको आहे. तिला कदाचित ते माहीतही नसेल, तिच्याकडेही तोच लाल शिक्का असणार. ह्याने दुसरं लग्न केलं असतं तर ते रद्दबातल, वर गुन्हा. आणि दुसरी मुलगी, जिच्यासाठी मी गट नंबर मागवत होते, ती कुणाचीच कोणी नाही.

मला जरा विजयी वाटत होतं. त्या भरात मी वहीतली नावं टाकायला लागले. सहज. 'एकही मोडलेलं नाही' ह्याला सरकारी पुरावा असावा म्हणून. आणि बारामतीच्याच यादीत एक जोडी निघाली, परस्पर संमतीने, निकाली, घटस्फोट मंजूर. ती मुलगी संक्रांतीला माझ्याकडे वाण घ्यायला आली होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं होतं आणि चार बायकांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं होतं. तिने मान खाली घालून तिळगूळ घेतला. त्या वाक्यापायी ती ते घालून आली असणार, असं मला आता वाटतं. त्यानंतर ते वाक्य मी कुणापुढे म्हटलेलं नाही.

माझी पहिली इच्छा मात्र, सांगायला हरकत नाही, घटस्फोटाचं कारण वाचायची होती. कुणाचं चुकलं? त्याच कायद्याच्या कलम २२ने ती सोय ठेवलेली नाही. असे दावे बंद दाराआड चालतात, आणि त्यातला मजकूर छापता येत नाही. सुरुवातीला मला हे कलम माझ्यावर वैयक्तिक राग काढण्यासाठी केलंय असं वाटलं. मग रखमाबाईंची आठवण झाली. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या त्या मुलीवर नवऱ्याने १८८४मध्ये मुंबई हायकोर्टात नांदायला येण्याचा दावा लावला, आणि सगळ्या मुंबईने, पुण्याने आणि विलायतेने तिचं घर वर्तमानपत्रात वाचलं. १८८७च्या निकालात नांदायला जा नाहीतर तुरुंगात, असं सांगितलं गेलं. ती तुरुंग पत्करायला तयार होती. पुढे तडजोड झाली, ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली आणि सुरतेला, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. पण आजही तिचं नाव घेतलं की लोकांना आधी तो खटला आठवतो. आमच्या वाण घेऊन गेलेल्या मुलीची फाइल कोर्टाच्या कपाटात बंद आहे, ते बरं आहे. मी काय, उद्या हळदीकुंकवात वाचून दाखवली असती.

तेव्हा घटस्फोटित स्थळ आलं तर चांगलं आहे म्हणून पुढे जा, पण स्टँपवर जाऊ नका आणि माझ्यासारखीकडेही येऊ नका. त्या मुलाकडे किंवा मुलीकडेच हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल मागा. पक्षकाराला ती अर्ज करून, फी भरून कोर्टातून मिळते. तारीख बघा, त्यावर अपिलाची मुदत, एरवी ९० दिवस, उलटून गेली आहे का आणि अपील झालेलं नाही ना, ते विचारा. कारण विचारू नका. मुलीला तर अजिबात नको, मुलाला कुणी विचारतही नाही म्हणून सांगते. ती नक्कल त्रयस्थाला हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नाही, कोर्टाच्याच नियमांनी जावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये सांगितलं आहे. आणि त्या नियमांत आपल्याला ती का हवी ते लिहून द्यावं लागतं. तिथे 'लग्नं जुळवते' असं लिहिलेलं चालतं का, हे मी भाच्याला विचारलं. चालत नाही.