अनामिक महोदयांस अनावृत पत्र

मुक्काम तेर, जिल्हा धाराशिव

श्रीमान अनामिक महोदय यांसी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील त्रिविक्रमाचे गजपृष्ठाकार, विटांचे देवालय मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, हे हेन्री कझिन्स यांचे शतकापूर्वीचे मत आणि त्यावरील इतरांचे आक्षेप मी एका व्याख्यानात मांडल्यापासून, त्यातला एवढासा तुकडा ऐकून आपण माझी जात, माझे चारित्र्य, माझे वेतन आणि माझ्या मुलीची शाळा सुटण्याची वेळ या विषयांवर जो मजकूर रात्री-अपरात्री माझ्या मोबाईलवर रवाना करीत आहात, त्याची पोच द्यावयाची राहून गेली होती. देवळाच्या एका विटेचाही उल्लेख न करता इतके विपुल लेखन करण्याची हातोटी आम्हां संशोधकांस अद्याप साधलेली नाही.

आपले वाङ्मय मी पुसले नाही. प्रत्येक संदेश तारीख, वेळ आणि खात्याच्या दुव्यानिशी दप्तरी दाखल करून मगच आपणास ब्लॉक केले; कारण अशा पुराव्यासोबत न्यायालय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र मागते, आणि नाव-ठिकाण दडवून धमकी देणारांसाठी न्याय संहितेच्या कलम ३५१(४) मध्ये, मूळ शिक्षेखेरीज, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची खास तरतूद आहे. निनावी लेखकाची एवढी कदर सरकारदरबारी अन्यत्र होत नसावी! (आमच्या वरिष्ठांनी मात्र लेखी खुलासा मागितला तो मजकडेच.)

प्रा. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले. पण तेथे निदान फिर्यादी पक्षालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी, म्हणजे संत गोरा कुंभारांनी तर, आख्यायिकेप्रमाणे, मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून संतांच्या मस्तकांवर थापटणे चालविले आणि प्रत्यक्ष नामदेवांना कच्चे ठरविले, ते भर मंडळींत, समोरासमोर. माझेही मडके कच्चे निघेल. ते तपासावयास आपण अवश्य यावे. लामतुरे संग्रहालय पाहू, मग देवळाच्या विटा मोजू, आणि कझिन्स चुकला असे आपण दाखवून दिलेत तर पुढील व्याख्यानात आपला नामोल्लेख करीन. त्याकरिता नाव तेवढे कळवावे.

माझे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक आपण स्वतःच गावोगाव पोहोचविले असल्याने येथे पुन्हा देत नाही. कळावे.

आपली,
एक अध्यापिका