बालसहित उद्यानगमनमीमांसा

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगावेत, असा आपल्याकडे दंडक आहे. लहान मुलांना घेऊन बागेत जाणे हे शास्त्र मात्र आजवर अनुबंधांवाचून, केवळ पाठीवरच्या सॅकच्या आधारावर चालत आले. ही उणीव दूर करण्यासाठी भायखळ्याची राणीची बाग प्रमाण मानून प्रस्तुत प्रबंध सादर केला आहे. १८६२ साली खुली झालेली ही बाग पन्नासहून अधिक एकरांची असल्याने मूल दमण्यास आणि हरवण्यास पुरेशी आहे.

आधी कालनिर्णय. वर्ज्य वार एकच, बुधवार. त्या दिवशी बाग बंद असते. हा उत्सर्ग. अपवाद असा की, बुधवारी सार्वजनिक सुटी आल्यास बाग उघडी ठेवून गुरुवारी बंद ठेवतात. परिणामी उत्सर्ग जाणणारी कुटुंबे बुधवारी घरी बसतात आणि अपवाद न जाणणारी गुरुवारी फाटकाशी उभी राहतात. मुहूर्ताबाबत मतभेद नाहीत: सकाळी नऊला निघायचे ठरवावे, म्हणजे साडेअकराला निघता येते.

आता अधिकारी. २०१७ साली तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले, तेव्हा आई, वडील आणि दोन मुले अशा चौघांना मिळून १०० रुपये, अशी सवलतही ठेवण्यात आली. कुटुंबाची इतकी निःसंदिग्ध व्याख्या स्मृतिग्रंथांतही आढळत नाही. ऐनवेळी “मीपण येते गं” म्हणणारी मावशी तीत बसत नाही. अशा घटकास शास्त्रकार ‘उपाधी’ म्हणतात. परंतु उपाधीवाचून सॅक कोणी धरायची, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

विषय कोणता? पूर्वपक्ष म्हणतो, प्राणी. हे मत ग्राह्य नाही, कारण ते प्रत्यक्षाशी विसंगत आहे. वाघाच्या काचेपाशी झालेला पुढील संवाद पाहावा:

“अरे बघ, वाघ!”

“कुठंय?”

“तो काय, झाडामागे झोपलाय.”

“बाबा, ते काका पाइपने पाणी मारतायत.”

येथे पित्याचा विषय वाघ आणि पुत्राचा विषय पाइप. पुत्राची बाजू बळकट आहे, कारण पाइप हलत होता. २०१६ साली सोलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांसमोर मात्र दोन्ही पिढ्यांचे एकमत होते. हे पक्षी मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी दालन थंडगार ठेवलेले असते. मे महिन्यात तेथून न हलणारी कुटुंबे पक्षीप्रेमाने थांबतात की गारव्यासाठी, यावर वाद आहे. शू मात्र रांगेत उभे राहताना लागत नाही, रांग संपून दार दिसू लागल्यावर लागते, हा नियम निरपवाद आहे.

वडीलधाऱ्यांचा स्वतंत्र विषय म्हणजे दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला या बागेत उभे करण्यात आले. हा उद्बोधक इतिहास आजोबा सांगत असताना श्रोता हत्तीच्या चौथऱ्याशी उकिडवा बसून मुंग्यांची रांग मोडण्यात गुंतलेला असतो.

संबंध म्हणजे कडेवर. मूल स्वतःच्या पायांनी फाटकातून आत शिरते, हात सोडवून पळते आणि “मी चालणार” अशी प्रतिज्ञा करते. ही प्रतिज्ञा बागेतल्या त्या बिंदूपर्यंत टिकते, जो फाटकापासून सर्वांत लांब आहे. कुठल्याही वाटेने जा, “पाय दुखतायत” हे वाक्य नेमके तेथेच उच्चारले जाते. मुलांना नकाशा वाचता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

शेवटी प्रयोजन. पहिला पक्ष म्हणतो, ज्ञानप्राप्ती. खंडन: घरी आल्यावर “काय काय पाहिलंस?” असे विचारता उत्तर येते, “कावळा.” दुसरा पक्ष म्हणतो, मूल दमून रात्री लवकर झोपावे हे प्रयोजन. खंडन: मूल परतीच्या टॅक्सीत दहा मिनिटे झोपते आणि त्या दहा मिनिटांवर रात्री साडेबारापर्यंत सोफ्यावरून उड्या मारते, झोपतात ते पालक. तिसरा पक्ष फोटोंचा. पण त्यांतल्या बहुतेकांत मुलाची पाठ आणि उपाधीचा अंगठा एवढेच आढळते.

मग सिद्धान्त काय? देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे प्रसिद्ध आहेत; चौथे उद्यानऋण. ज्यांनी आपल्याला कडेवर घेऊन बाग दाखवली, त्यांना ते परत करता येत नाही, कारण ते आता कडेवर मावत नाहीत. ते पुढच्या पिढीलाच, किलोच्या हिशेबाने, फेडावे लागते. म्हणून वडिलांना वाघ आठवत नसूनही ते मुलाला वाघ दाखवायला आणतात. त्यांच्या वडिलांनीही तेच केले होते. पुत्राला आज दिसला तो पाइपच, आणि या ऋणाचा हप्ता तेवढ्याने भागतो.

इति फलश्रुती. जो गृहस्थ हा प्रबंध शनिवारी रात्री वाचील, त्याचे पाण्याच्या बाटलीचे झाकण हरवणार नाही, तूपसाखर पोळीचा रोल घरी परत येणार नाही आणि फाटकाबाहेरचा फुगेवाला त्याच्याकडे पाहणार नाही. जो मंगळवारी रात्री वाचील, त्याने दुसऱ्या दिवशी सुटी आहे का, एवढे कॅलेंडरात पाहून मगच मुलांना सांगावे.