पाव किलो कूट

चौतीस वर्षं मी एका खत कारखान्यात बॉयलरवर होतो. दर तासाला प्रेशर बघायचं, तपमान बघायचं, पाण्याची पातळी बघायची आणि लॉगशीटवर लिहून खाली सही ठोकायची. ग्रॅच्युइटी हातात पडलेली आहे, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही: थंडीतल्या रात्रपाळीत पहाटे चारचं रीडिंग मी पुष्कळदा दोनलाच लिहून ठेवायचो. दोन तासांत बॉयलर कुठे पळून जाणार होता?

त्या बॉयलरचा तळतळाट लागला बहुतेक. गेली दोनेक वर्षं आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात बॉयलर मी आहे आणि ऑपरेटर टोरांटोत.

झालं असं की, चिरंजीव २०२४ च्या उन्हाळ्यात आले आणि जाताना माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधून गेले. "बाबा, यात सगळं कळतं." खरंच सगळं कळतं. ठोके कळतात, झोप कळते, पावलं कळतात. वेळ तेवढी चटकन कळत नाही. त्यासाठी मनगट एका विशिष्ट झटक्याने वर आणावं लागतं, तेव्हा काच उजळते. पहिल्या आठवड्यात माझे झटके बघून शेजारच्या बाने सौभाग्यवतींना हळूच विचारलं होतं, की भाईंना काही हवेचा त्रास सुरू झालाय का.

घड्याळातली माहिती फोनमध्ये जाते आणि फोनमधून समुद्रापार. पहाटे तीनला मी उठतो. या वयात का उठतात ते वाचकांना सांगायला नको. टोरांटोत तेव्हा संध्याकाळ असते, चिरंजीव ऑफिसातून निघत असतात. मी परत येऊन पांघरूण ओढतो न ओढतो तोच उशाशी फोन थरथरतो: "बाबा, झोप मोडली का? काही होतंय का?" होत काहीच नव्हतं. पण आता होतं. छातीत धस्स होतं, ठोके चढतात, ते चढलेले ठोके पुन्हा टोरांटोला जातात आणि मग थेट फोनच येतो. माझ्या वडिलांना मी दिवसा कधी "बरे आहात ना?" असं विचारलेलं मला आठवत नाही. त्यांनीही ते मनाला लावून घेतल्याचं आठवत नाही.

बडोद्याला सक्ती नवी नाही म्हणा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा साऱ्या राज्याला लावला. मुलगेच नव्हे, मुलीसुद्धा. पोर शाळेत दिसलं नाही तर दंड बापाला. शिकायचं पोराने आणि भुर्दंड बापाला, अशी ती वाटणी. आमच्या घरी शंभर-सव्वाशे वर्षांनी तिच्यात सुधारणा झाली आहे: शिकायचंही बापाने आणि दंडही बापालाच. दहा हजार पावलं भरली नाहीत, तर रविवारच्या फाफड्याबरोबरची जलेबी बंद. अंमलबजावणीला कन्या. ती सुभानपुऱ्यात राहते आणि रविवारी सकाळी आठाच्या ठोक्याला हजर होऊन माझा फोन तपासते, पूर्वी मी तिची प्रगतिपुस्तकं तपासायचो त्याच भिवयांनी.

हा दहा हजाराचा आकडा आला कुठून, हे मी शोधून काढलं. मला वाटलं होतं, कोणी तरी थोर वैद्यांनी लाखभर माणसं चालवून बघितली असतील. तसलं काही नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाचं वारं शिरलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. आकडा गोल, कानाला बरा आणि खपाला उत्तम. म्हणजे एका जपानी दुकानदाराच्या पाटीपायी मी रविवारच्या जलेबीला मुकतोय. हे कन्येला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, वाचत बसला होतात ना, तेवढ्या वेळात हजार झाली असती."

तर मग चालू लागलो. सकाळी कमाटीबागेत. महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीकाठी ही बाग करून ठेवली, तिच्यात आता निम्मं बडोदं हात हलवत फिरतं. फिरणाऱ्यांच्या दोन जाती. एक शेअर बाजारावर बोलत चालणारी, दुसरी शुगरवर. आकड्यांवरून कोणती जात ते ओळखू येत नाही. "दोनशे दहापर्यंत गेलं होतं, आता एकशे साठवर आणलंय," असं कोणी म्हणालं की अभिनंदन करावं की सांत्वन, हे कळायला वेळ लागतो. सात वाजता दोन्ही जाती एकत्र येऊन सेव उसळीच्या गाडीवर जातात. तिथे एकाही घड्याळाचा इलाज चालत नाही. तर्री, वर मूठभर शेव, पाव, वर पुन्हा तर्री. त्याची नोंद ठेवणारं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निघालं तर त्या गाडीवाल्याने त्यावर स्टे आणावा.

यंत्राची खोड कळायला मात्र मला महिना पुरला. शेवटी धंदा तोच! हे घड्याळ पावलं मोजतच नाही हो. ते हात मोजतं. हात हलला की त्याला वाटतं माणूस चालला. खंडेराव मार्केटमधून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मी घरापर्यंत चालत आलो, घामाने सदरा भिजला, आणि घड्याळ म्हणालं तीनशे बारा. हात खाली लोंबकळत होते ना, जड पिशव्यांनी गच्च. उलट त्याच संध्याकाळी गणपतीच्या आरतीला जागच्या जागी उभा राहून टाळ्या वाजवल्या, तर जमा साडेचारशे! भक्तिमार्ग हा सोपा मार्ग आहे असं संत सांगत आले, ते असं प्रत्ययाला आलं.

आणि मग एका चतुर्थीच्या आदल्या रात्री सौभाग्यवतींनी खलबत्ता पुढ्यात सरकवला. "मिक्सरचं भांडं गळतंय. तेवढं कूट करून नाखा." (आमच्या बडोदी मराठीत करून 'टाकत' नाहीत, 'नाखतात'. पाणी सांडत नाही, 'ढोळतं'. पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत बापडे, त्यांना फावेल तसं.) मी घड्याळाच्या हाताने बत्ता धरला. भाजलेले शेंगदाणे, पाव किलो. वीस मिनिटांनी सहज मनगट झटकून बघितलं, तर अकराशे पावलं!

रात्रपाळीतला तो जुना आनंद, पहाटे दोनला चारचं रीडिंग लिहून घोंगडी ओढल्याचा, इतक्या वर्षांनी अंगावरून गेला.

त्या दिवसापासून मला रविवारची भीती राहिली नाही. रात्री नऊला आकडा बघायचा, तूट काढायची आणि तेवढे शेंगदाणे घ्यायचे. नऊ हजारांवर अडलो की पाव किलोला जरा कमी, आठ हजारांवर अडलो की दोन घाणे. हिंचक्यावर बसून, मांडीत खलबत्ता घेऊन, बातम्या बघत मी दांडिया बाजार ते सुरसागर असा फेरफटका मारून येतो, तळ्यातल्या उभ्या महादेवाला घरूनच नमस्कार करतो. सौभाग्यवतींना सगळं ठाऊक आहे. त्या बोलत नाहीत. एक तर त्यांचं कूट होतं. आणि दुसरं म्हणजे आधी त्यांनीच मला एकदा घड्याळ दुसऱ्या हातात बांधून बघायला सुचवलं होतं.

याच शहरात जुम्मादादांचा आखाडा झाला आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं घडवली, हे मला मध्येच आठवतं आणि बत्ता थबकतो. याच बडोद्यातून द. चिं. मजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढला. दहा खंड! नुसते कपाटातून उतरवून परत ठेवले तरी दंड भरतील. थबकतो म्हणजे अगदी थोडा वेळ. घड्याळ लगेच मनगटाला चिमटा काढतं: 'उठा, हालचाल करा.' मग मी पुन्हा कुटू लागतो.

फोनशी बोलण्याचाही एक प्रयोग झाला. चष्मा न लावता मजकूर लिहिता यावा म्हणून कन्येने ती सोय करून दिली. मी चिरंजीवांना म्हणालो, "दूध ढोळलं, आई पुसते आहे, नंतर बोलू." फोनने लिहिलं, "दूध धोरण, आई पुस्तके आहे, नंतर बोलू." टोरांटोत काय अर्थ लावला असेल देव जाणे. आमच्या महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द जुळवून 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश छापवला होता, त्यात एकेका शब्दाला आठ-आठ भाषा. मला एवढंही नको. दांडिया बाजाराची एक भाषा आली तरी भागेल.

या सगळ्यात एकदाच घड्याळ थंड पडलं. ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमीचा पाऊस. विश्वामित्रीची धोक्याची पातळी पंचवीस फुटांची, ती गेली पस्तिसाच्या वर. अर्धं शहर पाण्यात. मगरी वस्तीत शिरल्या. अकोट्यात तर एक छपरावर जाऊन बसली, तिचा फोटो जगभर फिरला. आमच्या गल्लीत मगर आली नाही, पण अफवा रोज दोन वेळा येऊन जायची. वीज गेली, मग फोन गेला, मग घड्याळ. मुक्काम तेव्हा सुभानपुऱ्यात, कन्येकडे चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तीन दिवस मी जिन्याने वर-खाली. पाण्याच्या बादल्या, खालच्या मजल्यावरच्या आजींची औषधं, त्यांच्या देवांची पेटी, कोणाचा गॅस सिलिंडर एक टोक धरून. नातू वरून ओरडून मजले मोजत होता. चौथ्या दिवशी वीज आली, घड्याळाने डोळे उघडले आणि टोरांटोहून निरोप आला: "बाबा, तीन दिवस शून्य पावलं दिसतायत. पूर बघत नुसते बसून राहिला होतात का?"

कन्येने त्याला काय उत्तर दिलं ते मला दाखवलं नाही. पण त्या रविवारी जलेबीच्या दोन वेढ्यांऐवजी चार आले.

असो. तर परवा तिमाही तपासणी झाली. हल्ली नुसती उपाशीपोटीची साखर बघून डॉक्टरांचं समाधान होत नाही, 'तीन महिन्यांची सरासरी' लागते. मी त्यांना विचारलं, ही सरासरी काढता कशी, मी तर तीन महिन्यांत इकडे फिरकलो नाही. ते म्हणाले, रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचं आयुष्य सुमारे एकशे वीस दिवसांचं. किती चिकटली ते मोजलं की मागचं सगळं कळतं.

मी गार पडलो. चौतीस वर्षांत असलं लॉगशीट पाहिलं नव्हतं. दोन वाजता चारचं लिहायची सोयच नाही. कोट्यवधी ऑपरेटर, दर मिनिटाला नोंद, आणि एकही रात्रपाळीला झोपत नाही.

आकडा आला ७.९. मागच्या वेळी ७.१ होता. डॉक्टरांनी माझा फोन मागून घेतला. रोज दहा हजार, एकही खाडा नाही. काही दिवशी दहा हजार दोन, दहा हजार पाच, असं अगदी काठोकाठ. त्यांनी चष्मा वर केला. "काका, चालणं उत्तम आहे. मग खाता काय?"

आता रोज पाव किलो शेंगदाण्याचं कूट घरात तयार झालं, तर सुज्ञ माणसाने काय खावं अशी त्यांची अपेक्षा आहे? सोमवारी साबुदाण्याची खिचडी. मंगळवारी काकडीची कोशिंबीर, तीही कुटाने पांढरी. बुधवारी भरली वांगी. गुरुवारी उपास, म्हणून पुन्हा खिचडी. शुक्रवारी उरलेल्या कुटात गूळ घालून लाडू, कारण टाकवत नाही. डबे भरले, मग शेजारच्या बाकडे गेलं, कन्येकडे गेलं, तरी उरलं.

मी म्हणालो, "साधंच. घरचं."

संध्याकाळी टोरांटोचा व्हिडिओ कॉल. चिरंजीवांनी रिपोर्ट आधीच वाचला होता. रागावले नाहीत; रागावले असते तर बरं. अगदी हळू आवाजात, मी बॉयलरशी कधी बोललो नाही अशा मायेने म्हणाले, "बाबा, दहा हजार तुम्हाला पुरत नाहीत. उद्यापासून बारा हजार करू या का?"

मी सौभाग्यवतींकडे बघितलं. त्यांनी पडद्याआडून यादीचा कागद ओढला आणि पेन्सिल जिभेला लावली.

"म्हणजे शेंगदाणे आता अर्धा किलो."