अठ्ठावीस दिवसांचे कर्नलसाहेब

त्यांना ‘कर्नल’ वगळून नुसत्या नावाने हाक मारून पाहा. ओ देणार नाहीत. पलटण वर्षातून अठ्ठावीस दिवस उभी राहते, पण साहेबांचा हुद्दा बारमाही. चर्चमध्ये कर्नल, घोड्यांच्या बाजारात कर्नल, आणि खंड थकवलेल्या कुळासमोर तर फारच कर्नल.

एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये ही असामी गावोगावी भेटे. 1854 मध्ये खडी फौज क्रिमियाच्या युद्धावर निघाली आणि घर राखायला जुनी मिलिशिया, म्हणजे हंगामी राखीव फौज, पुन्हा उभी करायचे ठरले. अँट्रिम, डोनेगल, वॉटरफर्ड अशा बऱ्याच ठिकाणी तेव्हा मिलिशियाचा तोफखाना उभा राहिला. काम एकच : किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतल्या तोफा सांभाळायच्या. हे काम टिपरेरीलाही मिळाले. टिपरेरीला समुद्र नाही. आमचे साहेब तिथलेच, आणि या तपशिलाने त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नाही.

तोफेविषयी त्यांना काय कळे, हा प्रश्न गैरलागू. जमीन किती, हे विचारा. हुद्दा द्यायचा अधिकार 1871 पर्यंत परगण्याच्या लॉर्ड लेफ्टनंटकडे होता, आणि तो सातबारा पाहून माणूस ओळखी म्हणा ना! बाकी पल्ला, दारू, नेम, हिशेब वगैरे किरकोळ गोष्टी खड्या तोफखान्यातून आलेला अ‍ॅडज्युटंट आणि त्याचे सार्जंट बघत. साहेब घोड्यावर बसून ‘छान, छान’ म्हणत. समोरचे गोलंदाज म्हणजे शेतमजूर आणि हमाल. भत्ता, बूट आणि महिनाभराचे जेवण एवढ्यावर राजनिष्ठ. साहेब प्रॉटेस्टंट, ते बहुतेक कॅथलिक. देवाचा विषय कोणी काढत नसे.

साहेबांचे खरे दुःख गणवेशाचे. खड्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला सोनेरी जर, मिलिशियाला रुपेरी. मेजवानीत ते शक्यतो दिव्यापासून लांब बसत.

1856 मध्ये युद्ध संपले आणि पलटणी घरी पाठवायची वेळ आली. नीना गावी उत्तर टिपरेरीच्या मिलिशियाला नव्या काळ्या विजारी परत करायला सांगितले, भत्त्याचे पैसेही अडकले; शिपायांनी बंड केले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. साहेब एवढेच म्हणाले, “ते पायदळ हो. तोफखान्यात असले चालत नाही.” विजारींचा हिशेब मात्र त्यांनी त्या संध्याकाळी स्वतः तपासला. आयुष्यात तपासलेला तो बहुधा एकच.

पुढे फेनियन क्रांतिकारकांची धास्ती वाढली. हातात बंदूक दिलेला आयरिश माणूस ती कोणावर रोखील याची सरकारला खात्री वाटेना. म्हणून 1866 पासून काही वर्षे आयर्लंडात मिलिशियाची कवायतच बंद ठेवली. गोलंदाज शेतावर, तोफा कुलपात. या काळात साहेबांचा रुबाब उलट वाढला. चुका व्हायला जागाच उरली नव्हती.

फ्रेंच आरमार 1796 मध्ये बँट्रीच्या उपसागरात आले होते, 1798 मध्ये किलाला इथे फ्रेंच सैनिक उतरलेही होते. तेव्हा या तोफखान्याचा पत्ता नव्हता. तो उभा राहिल्यावर आयर्लंडच्या किनाऱ्याकडे शत्रूचे एक जहाज फिरकले नाही, आणि साहेब याचे श्रेय स्वतःकडे घेत. त्यांना खोटे कसे पाडणार?

ब्रिटनचे युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांत मिलिशिया मोडीत निघाली आणि 1909 च्या सुमारास तिचा बहुतेक तोफखाना बरखास्त झाला. अठ्ठावीस दिवसही गेले. साहेब कर्नलच राहिले.